अधिकारी बाई बाल्कनीत

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. दार या विषयात मला कोणी काही शिकवू शकत नाही! बारा वर्षं झाली, मी इथे परदेशात दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. आमच्याकडचं हँडल बाजारात जाण्याआधी यंत्र ते वीस हजार वेळा फिरवून बघतं, आणि त्यानंतरही मी त्या हँडलकडे संशयानंच पाहतो. लोक पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवतात, मी बिजागऱ्या दाखवतो. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बाल्कनीला जे दार आहे ते मी स्वतः निवडलेलं, स्वतः उभं राहून बसवून घेतलेलं. तिहेरी काच! आत कोणी ढोल बडवला तर बाहेरच्याला फक्त काठ्या हलताना दिसतील. आणि हँडल एकदा आतून खाली केलं की बाहेरून हत्तीनं धडक दिली तरी दार हलायचं नाही.

हत्तीनं दिली नाही. मी दिली. पण ते पुढे येईलच.

त्याच्या तीन आठवडे आधी धाकटी आमच्या घरी आली. आली म्हणजे, आपल्याकडच्या एका संस्थेतून आम्ही तिला दत्तक घेऊन आलो. वय वर्षं पाच, वजन चौदा किलो, आणि नजर अशी की विमानतळावरच्या तपासणीवाल्यानं स्वतःच स्वतःची बॅग उघडून दाखवली असती! थोरली आमच्या पोटची, वय वर्षं नऊ. तिला विमानतळावरच 'ताई' ही पदवी मिळाली. बायकोला दुसऱ्या दिवशी 'आई' मिळाली. आणि मला मिळाली 'काका'.

त्यात तिचं काही चुकत नव्हतं. संस्थेत जो पुरुष येई तो काकाच. दूधवाले काका, डॉक्टर काका, दिवे दुरुस्त करणारे काका. काका येतात, आपलं काम करतात आणि जातात. त्यामुळे रोज संध्याकाळी मी कारखान्यातून आलो की ती थोरलीच्या कानात विचारायची, “ताई, हे काका घरी कधी जाणार गं?”

बरं, आईनं 'जेवायला ये' म्हटलं की बाईसाहेब पाटावर... म्हणजे खुर्चीवर हजर. ताईनं 'झोप' म्हटलं की डोळे गच्च. मी काही सांगितलं तर मात्र हात मागे बांधून, अत्यंत आदरानं ऐकून घ्यायची आणि निघून जायची. थेट आमच्या मॅनेजरची सवय!

असंच एक आदरानं ऐकून घेतलेलं व्याख्यान म्हणजे बाल्कनीच्या दाराचं. थंडीचे दिवस. कोणीतरी कुंड्या बघायला बाहेर जायचं, दार उघडंच राहायचं आणि घरातली सगळी ऊब बाहेर जायची. एका रविवारी मी दोघींना सोफ्यावर बसवलं.

“दार उघडं दिसलं की काय करायचं? लावायचं! हँडल खाली! आणि लावलेलं दार मुलांनी उघडायचं नाही. चौथा मजला आहे हा! कोणीही सांगू दे, उघडायचं नाही म्हणजे नाही!”

“तू सांगितलंस तरी?” थोरलीनं विचारलं.

मी भरात होतो. “मी सांगितलं तरी!”

थोरलीनं जांभई दिली. धाकटीनं हात मागे बांधले. पुढचे सहा दिवस तिनं त्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, म्हणून मीही तो विषय सोडून दिला.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता अधिकारी बाई येणार होत्या. दत्तक मूल घरात कसं रुळलंय ते बघायला इथल्या कार्यालयाचं माणूस येतं, प्रश्न विचारतं, अहवाल लिहितं. त्या अहवालावर आमचा शेवटचा कागद अडकलेला. त्यातून मी कुठूनसा तो फॉर्म आधीच मिळवून वाचला होता, आणि त्यातला एक प्रश्न मी तेव्हापासून रोज काढून वाचत होतो. 'मूल पालकांना काय म्हणून हाक मारते?'

शनिवारी सकाळी मी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

“बाळा, ताई मला काय म्हणते?”

“बाबा.”

“बरोब्बर! मग मी कोण?”

“ताईचे बाबा,” धाकटी म्हणाली. “काका, तुमच्या बुटाची नाडी सुटलीये.”

मी वाकून नाडी बांधली.

त्यात बायकोला ऐनवेळी कामावर जावं लागलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दवाखाना दहा मिनिटांच्या अंतरावर. तिथली दुसरी बाई आजारी पडलेली. दारात उभी राहून ती म्हणाली, “साडेबारापर्यंत येते. तोवर त्यांना चहा दे, बिस्किटं दे, आणि हे बघ, दारांवर बोलू नकोस.”

“एक शब्द नाही!”

“बिजागऱ्यांवरही नाही.”

“अगं, मी काय वेडा आहे का?”

तिनं घड्याळ पाहिलं आणि निघाली. उशीर होत होता म्हणूनच असावं.

बरोबर अकराला अधिकारी बाई आल्या. कपाटासारखे खांदे, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा आणि उशीएवढी फाईल. त्यांनी जाड कोट काढून खुर्चीवर टाकला, बॅग टेबलावर ठेवली. धाकटी दोन हातांत दोन बिस्किटं घेऊन सोफ्यावर बसली आणि त्यांची तपासणी करू लागली. बाईंना आपली भाषा येत नाही, धाकटीला इथल्या भाषेतले चारच शब्द येतात, त्यामुळे दोघींचं छान जमलं. मी चहा ठेवला. हवेवर बोललो. शाळेवर बोललो. तब्बल सात मिनिटं मी दारांवर एक अक्षर काढलं नाही! आणि मग बाईच म्हणाल्या, “बाल्कनी आहे वाटतं? घरात लहान मूल आहे. सुरक्षित आहे ना?”

आता तुम्हीच सांगा. एखाद्या आचाऱ्याला कोणी विचारलं, तुम्हाला चहा तरी करता येतो का हो? तर तो गप्प बसेल?

“या! दाखवतोच तुम्हाला!” म्हणत मी बाईंना बाहेर घेऊन गेलो. थोरली मागोमाग आलीच. जिथे मी काही समजावून सांगत असतो तिथे माझ्या चुका काढायला ती हजर असतेच. मी कठड्याची उंची सांगितली. गजांमधलं अंतर बोटांनी मोजून दाखवलं. “आणि आता,” मी आवाज जरा खाली आणून म्हणालो, “आपण दाराकडे वळू.”

आम्ही वळलो. आत धाकटी उभी होती. दोन्ही हातांनी तिनं हँडल धरलं, पाय उचलले आणि आपले चौदाच्या चौदा किलो त्याला लटकवले.

खट्!

आता खरं सांगतो, मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद झाला! तीन आठवड्यांत तिनं पहिल्यांदा माझं काही ऐकलं होतं! मी चक्क टाळ्या वाजवल्या! “बघितलंत? बघितलंत? मी शिकवलं तिला!”

“वा, छान,” अधिकारी बाई म्हणाल्या. “आता उघडायला सांगा.”

माझे हात टाळीच्या मधेच थांबले.

मी काचेवर टकटक केलं. हँडलकडे बोट दाखवलं. वर, वर, अशी खूण केली. धाकटीनं मान हलवली. मी हात जोडले. तिनं एक बोट वर करून काहीतरी सांगितलं. तिहेरी काच! एक अक्षर ऐकू येईल तर शपथ!

“ती म्हणतेय, तू सांगितलंस तरी उघडायचं नाही,” थोरली म्हणाली.

“तुला ऐकू आलं?”

“नाही. पण तू काय म्हणाला होतास ते मला आठवतंय ना!”

“काय म्हणतेय मुलगी?” बाईंनी मला विचारलं.

“ती... जरा विचार करतेय,” मी म्हणालो. तेवढ्यात थोरलीनं इथल्या भाषेत रविवारचं सगळं व्याख्यान, माझ्या हातवाऱ्यांसकट, बाईंना करून दाखवलं. बाईंच्या भुवया पार कपाळात गेल्या.

माझा फोन आत. बाईंचा फोन बॅगेत, बॅग आत. घराचं मुख्य दार बंद झालं की आपोआप कुलूप लागतं, तेही मीच निवडलेलं. आता राहिला एकच उपाय. मी चार पावलं मागे गेलो, श्वास घेतला आणि खांद्यानं दाराला धडक दिली.

दार तसूभर हलेल तर! एकाच वेळी कारखान्याचा अभिमान वाटला आणि खांद्यातून कळ गेली. आत धाकटीला मात्र हा खेळ भयंकर आवडला! ती सोफ्यापर्यंत मागे गेली, पळत आली, तिनं आतून खांद्यानं काचेला एक धक्का दिला आणि आता तुमची पाळी म्हणून माझ्याकडे बघत उभी राहिली.

“बाबा, खाली आजोबा आहेत!” थोरली ओरडली.

तळमजल्यावर एक निवृत्त व्यायामशिक्षक राहतात. ते अंगणात सायकल पुसत होते. मी कठड्यावरून हाका मारल्या. पण कानाचं यंत्र ते फक्त पाहुणे आले की लावतात. मी दोन्ही हात हलवले. बाईंनी हलवले. थोरलीनं उड्या मारल्या. शेवटी त्यांनी वर पाहिलं. चेहरा एकदम उजळला! त्यांनी फडकं खाली ठेवलं आणि आमच्याबरोबर हात हलवायला सुरुवात केली. मी कमरेत वाकून दाराकडे खूण केली, तेही वाकले. थोरलीनं उडी मारली, त्यांनी जपून अर्धी मारली. पाच मिनिटांनी ते दमले, आम्हाला अंगठा दाखवला आणि घाम पुसत घरात निघून गेले.

वारा सुटला होता. अधिकारी बाईंचा कोट आत खुर्चीवर ऐटीत बसलेला, आणि बाई बाहेर पातळ स्वेटरवर! कुंड्यांवर थंडीसाठी मी एक जुनी चादर टाकली होती. पिवळी, तिच्यावर बदकं. तीच झटकून बाईंना दिली. त्यांनी ती निमूटपणे अंगाभोवती गुंडाळली, उलट्या कुंडीवर बसल्या आणि म्हणाल्या, “माझी इथली वेळ साडेबारापर्यंत आहे. प्रश्न मला पाठ आहेत. सुरू करू या?”

“इथे?”

“तुम्हाला कुठे जायचंय का?”

नव्हतं जायचं.

“मूल नीट जेवतं?” बाईंनी विचारलं. आम्ही तिघांनी काचेतून आत पाहिलं. धाकटी चौथं बिस्किट खात होती. बाईंनी हवेतच बरोबरची खूण केली. मग त्या थोरलीकडे वळल्या. “बहीण आल्यावर तुला कसं वाटलं?”

“मी ससा मागितला होता,” थोरली म्हणाली.

झालं! अहवाल डोळ्यांसमोर दिसायला लागला.

“पण सशाला गोष्ट सांगता येत नाही,” थोरली पुढे म्हणाली. “हिला येते. एकच येते, पण रोज शेवट वेगळा करते. काल राक्षस दंतवैद्य झाला. आणि ती झोपेत माझी वेणी धरून ठेवते. दुखतं. पण मी काढून घेत नाही, नाहीतर ती जागी होईल ना! आणि बाबा ओरडला की आम्ही दोघी टेबलाखाली जाऊन बसतो.”

“ओरडतात?” बाई.

“फक्त दारांबद्दल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बदकांकडे पाहिलं.

“पुढचा प्रश्न,” त्या म्हणाल्या. “मूल तुमचं ऐकतं का?”

मी आत पाहिलं. धाकटी हँडलवर पहाऱ्याला उभी राहावी तशी उभी होती.

“दुर्दैवानं, हो!” मी म्हणालो.

बाई आधी नाकातून हसल्या, मग तोंडातून, आणि मग अशा खदाखदा हसल्या की चादरीवरची सगळी बदकं पोहायला लागली. मलाही हसू आलं. थोरली तर लोळायचीच बाकी होती. पण हसणं ओसरलं आणि बाईंनी डोळे पुसत विचारलं, “आणि मूल तुम्हाला काय म्हणून हाक मारतं?”

खोटं बोलायची माझी पूर्ण तयारी झालेली होती. पण उलट्या कुंडीवर, बदकांच्या चादरीत बसलेल्या माणसाशी खोटं कसं बोलणार?

“काका म्हणते,” मी म्हणालो. “म्हणजे, चुकीचं काही नाही त्यात. तिनं आजवर पाहिलेले सगळे काका निघून गेले. मीही कधी जाणार ते ती रोज विचारते. मी आपला रोज परत येतो. आणखी काय करावं ते मला कळत नाही.”

समोरून वारा आला आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वाऱ्यानंच!  थोरलीनं माझं बोट धरलं.

आत धाकटीनं काचेला नाक चिकटवलं होतं. चपटं, बटाट्यासारखं नाक! ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग एकदम पळाली आणि बिस्किटांची बशीच घेऊन आली. एक बिस्किट तिनं काचेवर थोरलीच्या तोंडासमोर धरलं. जाईना. बाईंच्या तोंडासमोर धरलं. तेही जाईना. तेव्हा खाली बसून तिनं काचेच्या कडेनं वाटणी केली. ताईचं एक, बाईंचं एक. माझ्यासमोर दोन. मग स्वतःचं पांघरूण ओढत आणलं आणि ते दोन्ही हातांनी काचेवर माझ्यासमोर पसरून धरलं. पांघरुणाखालून दोन पावलं तेवढी दिसत होती.

त्या काचेचं इतकं कौतुक मी आयुष्यभर केलं, पण त्या क्षणी ती मला फोडावीशी वाटली!

तेवढ्यात टेबलावर माझा फोन उजळला. बायको! काय चाललंय ते विचारायला तिनं फोन केला असणार. धाकटीनं पांघरूण टाकलं, फोन कानाला लावला आणि हातवारे करत बोलायला लागली.

आता एक करा. 'काका' म्हणून बघा. ओठ मिटतात? नाही मिटत. आता 'बाबा' म्हणा!

मी ताडकन उडालो. “मिटले! ओठ मिटले! दोनदा! ती बाबा म्हणाली!”

“किंवा मामा,” थोरली म्हणाली.

“मामा कुठून येईल आत्ता!”

“किंवा पापड.”

“काय झालं?” अधिकारी बाई घाबरून उठल्या. मी त्यांना ओठांची भानगड समजावून सांगितली. त्यांना ते एकदम पटलं. त्यांनी “बाबा, बाबा” असं दोनदा म्हणून पाहिलं, एक बोट ओठांवर ठेवून खात्री केली. थोरलीनं म्हणून पाहिलं. मी पुन्हा म्हणून पाहिलं. खाली आजोबा यंत्र लावून परत आले होते. त्यांनी मान वर केली, क्षणभर ऐकलं आणि हळूच सायकल घेऊन आत गेले.

फोन ठेवून धावत आलेली बायको घरात शिरली तेव्हा तिला काचेपलीकडे हे दिसलं: नवरा, मोठी मुलगी आणि बदकांच्या चादरीतल्या सरकारी अधिकारी, तिघंही माशांसारखी तोंडं उघडमीट करत उभी. तिनं दार उघडलं? नाही! आधी फोन काढून फोटो काढला. मग हँडलला हात घातला. धाकटीनं तिच्या पायांना मिठी मारली. दार उघडलं आणि आतला सगळा आवाज एकदम अंगावर आला.

“आई, नको नको! बाबांनी सांगितलंय! बाबा ओरडतील!”

ऐकलंत? 'बाबा ओरडतील!' जगात कोणाही बापाला हे वाक्य ऐकून इतका आनंद झाला नसेल! मी उंबऱ्यातच बसकण मारली. धाकटीनं येऊन दोन्ही बिस्किटं माझ्या हातात दिली आणि दाराकडे बघून म्हणाली, “मी नाही उघडलं हं. आईनं उघडलं.”

“मी हिला फोनवर सांगितलं, उघड म्हणून,” बायको म्हणाली. “तर मलाच म्हणते, बाबांना विचारून सांगते! आणि तू काय, बिजागऱ्या दाखवायला नेलंस ना त्यांना?”

“बिजागऱ्यांपर्यंत पोचलोच नाही गं!” मी म्हणालो.

अधिकारी बाईंनी वाकून जमिनीवरचं एक बिस्किट उचललं. “हे माझं ना?” त्यांनी इथल्या भाषेत विचारलं. धाकटीला शब्द कळले नाहीत, पण तिनं मान डोलावली. बाईंनी ते तिथेच उभ्याउभ्या खाल्लं, कोट घातला, दोन कप चहा घेतला आणि गेल्या.

संध्याकाळी मी धाकटीला मांडीवर घेतलं. आता बसते ती मांडीवर! सहज म्हणून विचारलं, “आज एकदम बाबा कसं काय म्हणालीस गं?”

“ताईनं सांगितलं होतं,” धाकटी म्हणाली. “बाबांना बाबा म्हण, नाहीतर ते रडतात. तू रडत होतास ना!”

सकाळपर्यंत 'तुम्ही' होतो मी!

“मी रडत नव्हतो. वारा होता.”

“बरं,” ती म्हणाली. अगदी आईच्या सुरात.

दहा दिवसांनी अहवाल आला. बायकोनं तो जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवला, आणि मी छाती काढून ऐकत बसलो. 'मुलगी घरात पूर्णपणे रुळली आहे. घरातले नियम समजून घेते आणि कटाक्षाने पाळते. अडचणीच्या वेळी इतरांची काळजी घेते. मोठ्या बहिणीशी नाते उत्तम. आई समंजस आहे. वडील प्रेमळ आहेत, मात्र त्यांना अजून रुळायला थोडा वेळ द्यावा. त्या दृष्टीने आणखी एक भेट ठेवत आहोत.'

खाली एक ओळ होती, 'वाचले, मान्य आहे', आणि तिच्यापुढे सहीची जागा. मी पेन हातात घेतलं. मग तिघींकडे पाहिलं. तिघीही होकारार्थी माना डोलवत होत्या.

केली सही. करतो काय!